सगळ्यांना आवडेल असा सिनेमा

वाचकाचा प्रश्न : नागपूरहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी करतात. घरात यजमान, शहात्तर वर्षांच्या सासूबाई, इंजिनीअरिंगला असलेला मुलगा आणि नववीतली मुलगी. एरवी प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाइल; पण उन्हाळ्यात मोठा कूलर हॉलच्या खिडकीला लागतो आणि रात्री सगळे तिथेच गाद्या टाकतात. ही संधी साधून यंदा त्यांनी शनिवारी रात्री घरात सिनेमा लावायला सुरुवात केली. प्रेक्षकांची मतं वाचून, तारे आणि टक्के बघून, मुद्दाम वेगवेगळ्या धाटणीचे चार सिनेमे निवडले.

‘अशी ही बनवाबनवी’ला बाकी सगळे हसले, पण मुलगा प्रत्येक संवाद आधीच म्हणत होता म्हणून मुलगी वैतागून फोन घेऊन बसली. ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ पाहताना मुलगी रडली. यजमान म्हणाले, ‘बुटाच्या जोडीवर दीड तास?’ सासूबाई झोपून गेल्या. ‘कोर्ट’ मुलाला फार आवडला. यजमानांनी शेवटी विचारलं, ‘अरे, पण निकाल कुठे लागला?’ आणि ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, लावलेल्या ‘झुंड’वरून बापलेकांचं असं वाजलं की दोन दिवस बोलणं बंद. यजमान म्हणाले, ‘आपल्या नागपूरचं हेच दाखवायचं होतं का?’ मुलगा म्हणाला, ‘तुम्ही त्या वस्तीत कधी गेलात का?’

ताई विचारतात : ‘इतकं वाचून, निवडून लावते तरी दर वेळी कोणीतरी नाराज. लोकांच्या मतांवर विश्वास ठेवायचा की नाही? सगळ्यांना आवडेल असा सिनेमा शोधायचा तरी कसा? की आता फक्त विनोदी सिनेमेच लावावेत? की हे बंदच करावं?’

उत्तर :

ताई,

तुमची यादी वाचून मला आनंद झाला. मराठी विनोदी, इराणी, न्यायालयातला आणि आपल्याच शहरात घडणारा, असे चार सिनेमे चार शनिवारी एका हॉलमध्ये लागणं सोपं नाही. त्यामुळे हे बंद करावं का, या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण चालू कसं ठेवायचं, याचा थोडा वेगळा विचार करावा लागेल.

सगळ्यांना आवडेल असा सिनेमा कुठेतरी आहे आणि आपल्याला तो सापडत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. शहात्तर आणि चौदा या दोन वयांना, शिवाय मधल्या तिघांना, एकाच रात्री सारखाच आवडेल असा सिनेमा क्वचित निघतो. निघाला तर आनंदच. पण त्यावर शनिवार बेतता येत नाही. पूर्वी लिबर्टीला किंवा पंचशीलला अख्खं घर सिनेमाला जायचं, तेव्हाही सगळ्यांना सगळं आवडायचं असं नव्हतं. पण तिकीट काढलेलं असायचं, परतायचं ते सगळ्यांनी मिळूनच. कंटाळलेला माणूस इंटरव्हलला समोसा खाऊन पुन्हा जागेवर येऊन बसायचा आणि कधी कधी उत्तरार्धात त्याचं मत बदलायचं. घरात ते बंधन नाही. उठून जाणं सोपं, फोन काढणं त्याहून सोपं. म्हणून घरी नाराजी लगेच दिसते, आणि निवड तुम्ही केलेली असल्यामुळे ती तुमच्या अंगावर येते.

आता लोकांच्या मतांबद्दल. विश्वास ठेवायचा की नाही, हे ती मतं कशी तयार होतात यावर ठरवा. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवर एखाद्या सिनेमापुढे पंच्याण्णव टक्के दिसतात, तेव्हा त्याला शंभरापैकी पंच्याण्णव गुण मिळाले असा समज होतो. तसं नसतं. शंभरातल्या पंच्याण्णव समीक्षकांचं मत एकंदरीत अनुकूल होतं, एवढंच तो आकडा सांगतो. सगळ्यांना जेमतेम बरा वाटलेला सिनेमाही तिथे वर जाऊन बसतो, आणि निम्म्यांना जीव की प्राण वाटलेला पण उरलेल्यांना अजिबात न पटलेला सिनेमा खाली राहतो. आयएमडीबी या वेबसाइटवरचा दहापैकीचा आकडा ही मत देणाऱ्यांची सरासरी असते, आणि सरासरीत माणूस दिसत नाही. मत देणारा विशीतला होता की साठीतला, त्याने सिनेमा थिएटरच्या शिट्ट्यांमध्ये पाहिला की रात्री एकट्याने कानात हेडफोन घालून, यातलं काही त्यात उतरत नाही. शिवाय लिहायला बसतात ते बहुतेक खूप भारावलेले किंवा खूप चिडलेले लोक. ज्यांना ‘ठीक होता’ वाटलं ते लिहीत नाहीत, ते झोपायला जातात.

तर्री तिखट आहे की नाही हे सांगणारा माणूस रोज सावजी खाणारा आहे की साध्या वरणभाताचा, हे कळल्याशिवाय त्याच्या शब्दाचा उपयोग नसतो. सिनेमाच्या मतांचंही तेच आहे. त्यामुळे तारे मोजण्याऐवजी एक करून बघा. तुम्ही पाहिलेल्या दोन-तीन सिनेमांबद्दल कोणी काय लिहिलंय ते शोधा आणि ज्याचं म्हणणं तुमच्या अनुभवाशी जुळतं त्याची बाकीची मतं वाचा. असा एक माणूस सापडला की तो हजार अनोळखी ताऱ्यांपेक्षा जास्त कामाचा. आणि न आवडलेल्यांची मतं आवर्जून वाचा, विशेषतः ज्यांनी कारण दिलंय त्यांची. ‘फार संथ आहे, काहीच घडत नाही’ हे वाचून यजमान दूर पळतील, पण तुमच्या मुलाला त्याच वाक्यात आमंत्रण दिसेल. ‘बकवास’ एवढंच लिहिलं असेल तर सोडून द्या.

एक मात्र थांबवा. तुम्ही पत्रात लिहिलंय की सिनेमा सुरू होण्याआधी तुम्ही सगळ्यांना सांगता, ‘याला लोकांनी फार वाखाणलंय.’ हे वाक्य सिनेमाचं नुकसान करतं. पहिल्या मिनिटापासून प्रत्येक जण ते वाखाणण्यासारखं कुठे आहे ते शोधत बसतो, आणि नाही सापडलं तर त्याला एक तर सिनेमा फसवा वाटतो किंवा आपण कमी पडलो असं वाटतं. नाव सांगा, भाषा सांगा, किती वेळाचा आहे ते सांगा आणि लावा.

आता तुमच्या घरच्यांच्या मतांकडे येऊ, कारण मला तीच जास्त मोलाची वाटतात. ज्यांनी ‘कोर्ट’ पाहिला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून वाचावं.

‘निकाल कुठे लागला?’ हा प्रश्न मुलाला अडाणीपणाचा वाटला असेल. मला तो त्या सिनेमाबद्दलचा सगळ्यात नेमका प्रश्न वाटतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या या सिनेमात एका शाहिरावर खटला चालतो, जामीन मिळतो, दुसऱ्या कायद्याखाली पुन्हा अटक होते, आणि निकाल लागण्याऐवजी न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. दिवे मालवले जातात. वाटतं, संपला. मग सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलक्या घेताना दिसतात, मुलं ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि परत डोळे मिटतात. बघणाऱ्याने चिडून निकालाबद्दल विचारावं, हेच तर दिग्दर्शकाला हवं होतं. यजमानांना सिनेमा आवडला नसेल, तो त्यांचा हक्क आहे. पण तो त्यांच्यापर्यंत पोचला. हे मुलाच्या लक्षात आणून द्या. आणि दोघांनाही हे सांगा की तो शाहीर साकारणारे वीरा साथीदार नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक होते, २०२१ साली कोरोनाने ते गेले. मुंबईच्या न्यायालयाची ती गोष्ट आपल्या गावातल्या माणसाच्या चेहऱ्याने सांगितली गेली.

सासूबाई झोपल्या, त्याला तुम्ही नापसंती समजलात. मला तसं वाटत नाही. फारसी भाषेतला सिनेमा, खाली बहुधा इंग्रजी अक्षरं, आणि खिडकीत घरघरणारा कूलर. वयाबरोबर कान जातो तेव्हा सहसा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, फ, त यांसारखी व्यंजनं अंधूक होतात. कोणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. कूलर चालू असला की ते आणखी अवघड. त्यात सिनेमाचा आवाज मोठ्या थिएटरच्या चहूबाजूंच्या स्पीकरांसाठी बांधलेला असतो आणि टीव्हीचे छोटे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून असतात. म्हणून संगीत दणदणतं आणि संवाद बुडतात. आपण आवाज वाढवतो, मग गाणं लागलं की मुलगी कानावर हात ठेवते. बऱ्याच टीव्हींच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय असतो, तो लावा. सासूबाईंची खुर्ची कूलरपासून दूर आणि टीव्हीच्या जवळ ठेवा. मराठी सिनेमालाही मराठी अक्षरं मिळत असतील तर चालू ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

परदेशी सिनेमा असेल तर नातीला आजीशेजारी बसवून अक्षरं मराठीत सांगायला लावा. पहिली दहा मिनिटं बाकीच्यांना त्रास होईल. पण ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’सारख्या गोष्टीत सांगायचं असतं किती? बहिणीचे बूट भावाकडून हरवतात, एकच जोडी दोघांत वापरायची, ती सकाळच्या शाळेत आणि तो दुपारच्या. मग शर्यतीत तिसरा यायचं, कारण तिसऱ्या बक्षिसात बूट आहेत. आणि तो पहिला येतो. ज्या बाईने आपलं बालपण एका पोलक्यावर काढलं असेल, तिला ही गोष्ट तुम्हा-आम्हापेक्षा आधी कळेल. यजमानांना दीड तास जास्त वाटला, पण माजिद माजिदींच्या या सिनेमात बूट म्हणजे घरातली टंचाई आहे, आणि ती बापाला कळू न देण्याची दोन मुलांची धडपड. हे मी त्यांना पटवायला सांगत नाही. सासूबाईंना पुन्हा एकदा दाखवायला सांगते.

आणि भाषेची, कूलरची, कानाची सगळी अडचण एकदम सोडवायची असेल तर ‘पुष्पक’ लावा. १९८७ चा, कमल हासनचा, सिंगीतम श्रीनिवास राव यांचा. अख्ख्या सिनेमात संवाद नाहीत. चार्ली चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ही चालेल. पाचही जण एकाच वेळी एकाच जागी हसण्याची शक्यता मला अशा सिनेमात सगळ्यात जास्त दिसते.

‘झुंड’बद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातली खरी जखम तिथे आहे. २०२२ चा हा नागराज मंजुळे यांचा सिनेमा. नागपुरात वस्तीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावर आधारलेला, नागपुरातच चित्रित झालेला, आणि त्यातली बरीचशी मुलं आधी कधी कॅमेऱ्यासमोर न गेलेली. माझं मत विचाराल तर वस्तीची टीम आणि कॉलेजची टीम यांच्या सामन्यापर्यंत तो श्वास रोखून धरतो, उत्तरार्धात मात्र फार पसरतो. जवळपास तीन तासांचा सिनेमा कूलरच्या वाऱ्यात, रात्री एका बैठकीत पाहणं कोणालाही जड जाईल. यजमानांच्या चिडण्यात तोही भाग असेल.

पण त्यांच्या वाक्यात सिनेमापेक्षा वेगळंही काही आहे. ज्या शहरात जन्म गेला त्याचं नाव मोठ्या पडद्यावर आलं आणि दिसलं काय, तर कचरा, चोऱ्या, मारामाऱ्या, असं त्यांना झालं. हे प्रेमच आहे, आणि ते दुखावलं. मुलाला दिसलं ते हे, की ज्या भिंतीपलीकडे आपण कधी पाहत नाही तिथलीही माणसं नागपूरकरच आहेत. ही बाजू मला जास्त पटते. आंबेडकर जयंतीची मिरवणूक मोठ्या हिंदी सिनेमात इतक्या सहजपणे, घरातल्या सणासारखी आलेली मी त्याआधी पाहिलेली नव्हती, आणि दीक्षाभूमीच्या शहराचं चित्र त्याशिवाय पूर्ण कसं होणार? पण मुलाने तो प्रश्न वडिलांना गप्प करण्यासाठी विचारला, उत्तर ऐकण्यासाठी विचारला नाही. तोच प्रश्न त्यालाही विचारता येईल : तू गेलास का? नसेल तर दोघं सारख्याच अंतरावर उभे आहेत.

तुम्ही त्या रात्री ‘जाऊ द्या, सिनेमाच तर आहे’ म्हणून विषय मिटवलात. पुढच्या वेळी मिटवू नका. यजमानांना विचारा, त्यांच्या मनातलं कुठलं नागपूर त्यांना पडद्यावर पाहायचं होतं. महालातलं, सीताबर्डीवरचं, फुटाळ्याकाठचं, की त्यांच्या शाळेच्या वेळचं? त्यांना सांगू द्या. मला वाटतं, मुलाने ते कधी ऐकलेलं नसेल.

फक्त विनोदी सिनेमे लावायचे, हा तुमचा पर्याय मला म्हणूनच पटत नाही. भांडण होणार नाही, हे खरं. पण त्या दोघांमध्ये जे बोलणं व्हायला हवं होतं ते ‘झुंड’मुळे निघालं, आणि हसून हसून ते निघालं नसतं. मतदान हाही पर्याय अनेक घरांत असतो; तो मी सुचवणार नाही. पाचांत तिघांचं जमलं की सासूबाई कायम हरतील.

बारी लावा. एका शनिवारी एकाची निवड, कारण विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही. बाकीच्यांनी इंटरव्हलपर्यंत बसायचं, फोन उशाखाली. हिंदी-मराठी सिनेमे इंटरव्हल धरूनच बांधलेले असतात, तोपर्यंत सिनेमाने आपली बाजू मांडलेली असते. परदेशी सिनेमात निम्म्यावर थांबा. तिथे ज्याला उठायचं त्याने निमूटपणे उठावं, आणि त्याला कोणी ‘तुला काय कळतं’ म्हणू नये. अडीच तासांवरचा सिनेमा शनिवार-रविवार असा वाटून घ्या. संवाद आधीच म्हणण्याची मुलाला बंदी. ते संवाद पहिल्यांदाच ऐकून हसण्याचा धाकटीलाही अधिकार आहे.

मुलीसाठी निवडताना तारे बघू नका, प्रमाणपत्र बघा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर सेन्सॉर बोर्डाच्या ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या सिनेमांच्या प्रमाणपत्राचे, सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन भाग झाले आहेत, आणि ओटीटीवरही असंच वय लिहिलेलं असतं, शेजारी हिंसा, भाषा वगैरे कारणही असतं. सोळावाला चौदाच्या मुलीला दाखवायचाच नाही असं नाही, पण आधी तुम्ही किंवा यजमानांनी पाहिलेला बरा.

सिनेमा संपल्या संपल्या ‘कसा वाटला?’ विचारू नका. झोप आलेली असते, आणि पहिलं फटकन निघालेलं वाक्यच मग मत होऊन बसतं. रविवारी सकाळी पोहे खाताना विचारा. आणि ‘आवडला का’ असं विचारण्याऐवजी ‘कंटाळा कुठे आला?’ किंवा ‘त्यातलं कोण खोटं वाटलं?’ असं काहीतरी विचारा. ‘आवडला नाही’ म्हटल्यावर बोलणं संपतं. ‘तो वकील घरी गेल्यावरचा भाग मला लांबला वाटला’ म्हटल्यावर दुसऱ्याला बोलायला जागा राहते.

आता एक गोष्ट तुमच्याबद्दल. पत्रात यजमानांचं मत आहे, सासूबाईंचं आहे, दोन्ही मुलांचं आहे. तुम्हाला स्वतःला या चारांतला कुठला आवडला, हे कुठेच नाही. एका ओळीत मात्र तुम्ही लिहिलंय की ‘कोर्ट’च्या वेळी मी आंबे कापत होते आणि ‘झुंड’चा मधला भाग पोळ्या करताना ऐकला. ताई, तुम्ही चार सिनेमे लावलेत, पण बहुधा एकही पूर्ण पाहिला नाहीत. मग मत लोकांकडूनच आणावं लागणार. शनिवारचा स्वयंपाक संध्याकाळीच उरकायचा, सिनेमा चालू असताना पाणीसुद्धा ज्याचं त्याने घ्यायचं, हे बारीच्या नियमांत पहिलं लिहा. आणि बारीत तुमचाही नंबर असू द्या, यजमानांच्या आणि मुलांच्या बरोबरीने. त्या वेळी कोणाचेही तारे न बघता, कॉलेजात असताना पाहायचा राहून गेलेला एखादा सिनेमा लावा. घरच्यांना नाही आवडला तर नाही आवडला.

पहिली बारी सासूबाईंची ठेवा. माझा अंदाज आहे, त्या आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ मागतील, आणि मुलगा १९५३ चा कृष्णधवल सिनेमा म्हटल्यावर कुरकुर करेल. त्याला एवढंच सांगा : १९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक या सिनेमाला मिळालं होतं; आणि त्याच्या आवडत्या ‘कोर्ट’ला २०१५ मध्ये जाहीर झालेलं सुवर्णकमळ हा त्याच यादीतला सन्मान. आजीचा सिनेमा आणि नातवाचा सिनेमा एकाच यादीत आहेत, मधे साठ वर्षं. जुन्या प्रतींचा आवाज पुष्कळदा खरखरतो, तेव्हा दुपारीच पाच मिनिटं लावून तपासून घ्या. आणि त्या रात्री कूलरचा वेग एकने कमी ठेवा.